कालव्यात सोडलेला नारळ

बोटीचं विचारतोयस ना? ऐक. इंग्लंडला लेकीने आम्हा दोघांना दिवसभरासाठी कालव्यातली लांबुडकी बोट भाड्याने घेऊन दिली, आणि चालवायची मीच! बायको पाण्याला घाबरते, म्हणून निघताना तिने हळदकुंकू लावून नारळ सोडला. बोट इतकी सावकाश, की काठावरून कुत्रा फिरवणारे आजोबा आमच्या पुढे गेले. दुपारपर्यंत बाईसाहेबांची भीती पळाली, सुकाणू तिच्याच हातात!

संध्याकाळी परतलो, तर नारळ तिथेच तरंगतोय. कालव्याच्या पाण्याला ओढच नाही रे! म्हटलं, झालं, आता ही म्हणणार देवाने नारळ घेतलाच नाही.

तिने वाकून तो उचलला, स्वेटरला पुसला आणि म्हणाली, "अहो, आपल्या प्रभादेवीला देवळात अर्धा तरी ठेवून घेतात. इथल्या देवाने अख्खा प्रसाद दिला!"