दादाचा घाणा

वहिनी – म्हणजे फोनवर तुमच्या प्रयोगशाळेतली ती मुलगी ‘दादाला उबेत ठेवलंय’ म्हणाली, ते ह्यांच्याबद्दल?

नणंद – तसं नाही गं. म्हणजे, हो. आधी बस ना. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं.

वहिनी – मी उभीच बरी. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, आणि मला हे आज कळतंय.

नणंद – तो असतानाची गंमत होती ती. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारा एक बारीकसा कारखाना असतो. त्याचा एक सुटा भाग आम्ही इथे करतो. भाग माणसाचा, पण करून घ्यायचा जिवाणूंकडून. संशोधनवाले तो विकत घेतात. सुरुवातीला त्यांच्यात घालायला माणसाचं जनुक हवं होतं, आणि मागवलेलं रक्त काही वेळेवर येईना. नेमका दादा माझा विसरलेला डबा घेऊन आला. मी म्हटलं, बाही वर कर.

वहिनी – सुईला घाबरणारा माणूस तो.

नणंद – डोळे गच्च मिटून बसला. आणि वर मलाच म्हणतो, आता मी मेलो तरी तुझ्या बाटल्यांत सापडेन. तेव्हापासून सगळे त्या जिवाणूंना दादाच म्हणतात. दादा उठला का, दादाला पाजलं का, आज दादा भलताच जोरात आहे. तो गेल्यावरही जिभेचं वळण काही गेलं नाही.

वहिनी – आणि मला आज बोलावलंस कशाला? नुसतं दाखवायला?

नणंद – प्रथिन म्हणजे कड्यांची साखळी, आणि दादाच्या त्या भागात एक कडी वेगळी निघाली. लाखांत एखाद्याची असते तशी. त्याला तिचा काही त्रास नव्हता, पण गिऱ्हाइकाला चारचौघांसारखा भाग हवा. म्हणून दादाचा सगळा साठा आम्ही वाफेत घालून मारला. नवं जनुक बाहेरून आणलं. नवे जिवाणू, नव्या बाटल्या.

वहिनी – वाफेत घातलंत. मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

नणंद – चुकलंच माझं. पण पुढचं ऐक. नवा घाणा काढला, तपासला. तर तीच कडी.

वहिनी – कुठेतरी चिकटून राहिलं असेल. तुझी भांडी घासायची तऱ्हा मला माहितीय.

नणंद – मलाही तसंच वाटलं. खोली धुऊन काढली, उबेत ठेवायचं यंत्रसुद्धा बदललं. पुन्हा तीच. शेवटी एका फ्लास्कमध्ये नुसतं पोषक पाणी ठेवलं. त्यात जिवाणू घातलेच नाहीत, म्हणजे ते नितळ राहायला हवं. सकाळी येऊन बघते तर गढूळ. वहिनी, ते तपासायचा मला धीर होत नव्हता.

वहिनी – तपासलंस?

नणंद – हो.

वहिनी – तेच?

नणंद – तोच.

वहिनी – इकडे ये. हात बघ कसे गार पडलेत तुझे.

नणंद – या खेपेलाही असंच निघालं तर आमचा विभाग बंद करणार आहेत. आम्ही सगळेच घरी. साहेबांना काय सांगू, माझा भाऊ जायला तयार नाही? माझं तर तो कधीच ऐकायचा नाही. तुझं ऐकायचा. तू सांग त्याला.

वहिनी – तू हे बोलतेस? एवढी शिकलीसवरलेली?

नणंद – म्हणून तर सगळ्यांना जेवायला पिटाळलंय. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने बोलले असते?

वहिनी – कुठे आहेत?

नणंद – ते घरघरतंय ना, त्या यंत्रात. पुढचा फ्लास्क नुसत्या पाण्याचा. बघ, आजही गढूळलाय. दाराला हात लाव.

वहिनी – ऊब आहे.

नणंद – सदतीस अंश. आपल्या अंगाएवढी.

वहिनी – मला नको सांगूस. त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपायचे मी.

नणंद – मी बाहेर थांबू?

वहिनी – थांब इथेच. अहो. ऐकताय ना? तुम्ही न सांगता गेलात, ते मला अजून पटलेलं नाही. पण म्हणून इथे लोकांच्या पोटावर पाय देऊन बसणं बरं दिसत नाही. तुमची ही धाकटी बहीण पार रडकुंडीला आलीय. बोट धरून चालायला शिकवलंत ना तिला? आता सोडा तिचं बोट. माझी काळजी करू नका, मी नीट आहे. निघा तुम्ही.

(यंत्राची घरघर थांबते.)

नणंद – वहिनी, बटण दाबलंस?

वहिनी – बटण कुठे असतं तेही मला ठाऊक नाही.

नणंद – वीज तर आहे. आतला दिवा लागलेलाच आहे. वहिनी, पाणी बघ. तळ दिसतोय.

वहिनी – दार गार होत चाललंय.

नणंद – गेला. खरंच ऐकलं त्याने तुझं.

वहिनी – चालू कर.

नणंद – अगं, आत्ता तूच त्याला जा म्हणालीस ना?

वहिनी – ते तुझ्यासाठी म्हणाले. आता माझ्यासाठी चालू कर.