हा आवाज भज्याचा नोहे

...नाही पन मले एक सांगा, आमच्या घरी वेल्डिंग कोन शिकलं असं इचारलं का सारं गाव आमच्या बुढ्याकडं बोट दाखवते, ते काऊन? मी काय झोपून होती? तव्हा तं तो बुढाबी नोहता, चांगला चाळीशीचा गडी, मोताळ्याच्या बाजारात निवृत्ती लोहाराशी भांडून घरी आला. भांडन कायचं, तं वखराची पास, म्हंजे खालचं लोखंडी पातं, तुटली. निवृत्ती म्हने, शेषराव, तुमी वखर वावरात चालवता का दगडावर, तिसऱ्या खेपेले जोडून राह्यलो मी. झालं, चार लोकाइच्या म्होरं मालकाले मिरच्या झोंबल्या. "येत्या बाजारापरेंत घरीच जोडून दाखवतो. नाही जोडली तं वखर डोक्यावर घेऊन तुह्या भट्टीवर येतो."

आता तुम्हीच सांगा पोरीहो, वखर डोक्यावर घेऊन जायाचं त्याले एकच दिवस, पन त्याचं फुगलेलं तोंड वर्सभर पाह्याचं कोनाले होतं? मलेच ना!

गावात लाईट येऊन सा महिने झाले होते. माहा भाऊ जानराव मलकापुरात कारखान्यात वेल्डिंगवर, त्याच्या मागं लागून लागून मशीन आनली, चार दिवसाच्या बोलीवर. तिले बंडीतून उतरवाले चार मानसं लागले, एवढी ते भारी. जानरावनं अर्धा घंटा शिकवलं... वेल्डिंगची कांडी माचिस ओढल्यावानी ओढा, लोखंडाले टेकवून ठेवू नका, पायाखाली लाकडाचा पाट घ्या, तोंडावर हा काळ्या काचेचा मुखवटा धरा, उघड्या डोळ्यानं पाहू नका. चिकटली तं हा दांडा फिरवा, करंट वाढते. आन् दाजी, कान ठेवा, कढईत भजे तळल्यावानी आवाज आला का समजा जोड लागून राह्यला. एवढं सांगून तो बसनं गेलाबी. पन बाप्पा, ज्यानं जनमभर भजे नुसते खाल्ले, त्याले तळतानीचा आवाज कुठून माहीत?

पह्यली ठिनगी उडाली आन् माह्या सासूनं, मनकर्णाबाईनं, हुकूम सोडला का हे गिरान हाय, सूर्याले लागते तसं, बायाइनं पाहू नये. पोटुशी जाऊ कोठीत गेली, आम्ही बाकीच्या चुलीम्होरं, भिंतीकडं तोंड करून. मानसं मात्र आंगनात रांगेनं उभे, तमाशा पाह्याले. शाळेचे मास्तर तं सासूले म्हनत, काकू, गिरान काय अन् काय, असं काही नसते. मास्तरच ते, खरंच सांगत असतीन म्हना!

आम्ही ऐकून राह्यलो. फट्... मंग चूप. कांडी चिकटली. मालक तिले बैलाच्या शेपटीवानी ओढे आन् सारी मशीन हाले. मंग फट्फट्, फट्फट्... सासू भिंतीकडं पाहून म्हने, हा आवाज भज्याचा नोहे, तेल थंड हाय. मी आतून आवाज देला, "ऐकलं का जी, तेल थंड हाय." बाहीरून जवाब, "चूप बस वं. ठिनगी पाह्यली नाही आन् मले शिकवते." त्यानं दांडा फिरवला नाही, बायकोनं सांगतलं म्हनून. तीन दिवस असंच चाललं. तो कांडी लावे का आळीचे दिवे मिनमिन करत, शेजारी शिव्या देत, आन् पास होती तशीच दोन तुकडे. तिसऱ्या रोजी त्यानं मुखवटा बाजूले ठेवला, काचेतून काही दिसतच नाही म्हने.

मंग काय, बाजाराच्या दिवशी सकाळी डोळे टमाट्यावानी. रेती भरली, रेती भरली म्हनून वरडे. मी कच्च्या आलूच्या चकत्या ठेवल्या डोळ्यावर. मास्तराइच्या घरीबी आलूच, त्या दिवशी शाळा नाही भरली. आन् हा मानूस बाजेवरून म्हनते कसा, वखर माह्या डोक्यावर देऊन द्या, फक्त रस्ता कोनी दाखवा.

माह्या जिवाले लागलं ते. मी पदर खोचला, पाटावर उभी राह्यली, मुखवटा धरला. खरं हो, काचेतून ना पास दिसे ना माहा हात. सासू माह्याकडं पाठ करून बसली. फट्. चिकटली.

"तेल थंड हाय," सासू म्हने.

दांडा फिरवला. आता असा भडका झाला का पदराले भोकं पडले.

"जळून राह्यलं. हा आवाज भज्याचा नोहे. आच कमी कर."

जरासाक मागं फिरवला... आन् चर्रर्र. काचेत एवढुसा लाल थेंब दिसला, तो गोधडीच्या टाक्यावानी हळूहळू सरकवत नेला.

"बस. आता कढई सोडू नको वं."

बाजेवरून मालकानं इचारलं, कोन जोडून राह्यलं. मी टाका पुरा करत राह्यली. मंग वरची काळी पापडी ठोकून काढली, खाली टाके वाकडे, पन पक्के.

दिवस कलता निवृत्ती आला, डोक्यावरच्या वखराची वरात पाह्याले. त्यानं पास उचलली, दगडावर तीनदा आपटली. जोड हालला नाही. मंग त्यानं माह्या पदराकडं पाह्यलं, मंग बाजेवरच्या आलूकडं.

"शेषराव, कोनं लावला जोड?"

मालकानं डोळ्यावरची चकती नीट केली. मंग म्हने, "म्या. डोळे झाकून. इचार आईले."

सासू म्हने, "मी तं पाठ करून होती बाप्पा. मी काय पाह्यलं?"

आता राह्यली मी. बोलली असती तं त्याच संध्याकाळी वखर डोक्यावर गेलं असतं, आन् फुगलेलं तोंड माह्या वाट्याले. मी म्हनलं, निवृत्तीभाऊ, च्या घ्या.

दुसऱ्या दिवशी दारात सात वखरं. डोळे झाकून जोड लावते म्हने शेषराव, नाव झालं ना! जानरावची मशीन काही माघारी गेली नाही. लोक तुटकं आनत, हा वसरीवरून म्हने, ठेवून जा बे, होऊन जाईन. चाळीस वर्सं झाले, दुपार झाली का तो डोळे झाकून बाजेवर पडते आन् मी कांडी घेऊन उठते. कामात कसूर दोघायचीबी नाही.