काठावरचा हात

प्लांटच्या प्रयोगशाळेच्या पाससाठी फोटो हवा होता, म्हणून मी कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या स्टुडिओत थांबले होते. माझ्यापुढे चंपत आणि त्याची बायको ललिता. दिवाकर फोटोग्राफरने खुर्सीपार वस्तीतल्या नव्या बुद्धमूर्तीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला.

"मूर्ती झकास आली. पण काठावर हा हात कोणाचा?"

"माहा हाय, भाऊ. चुन्याची बादली उचलून राहिली होती."

"तुले सरक म्हनलं होतं ना मी?" चंपत ललिताकडे वळला.

"सरकली होती. हात मांगं राहिला."

"बिघडलं नाही चंपतराव, तेवढी पट्टी कापून देतो."

"कापा. गावच्या विहारात लावाचा हाय. लोक इचारतीन, मूर्तीपाशी बाईचा हात कावून?"

"इचारतीन तं सांगजा."

"काय सांगू? फोटोत मूर्तीच पाह्यजे, ललिता."

"बरं. दिवाकरभाऊ, हात कापता तं खालचा चौथराबी कापा. तो याच हातानं बांधला हाय."

"अवो, मंग मूर्ती बसन कशावर?"

"तेच इचारून राहिली मी."

दिवाकरने कात्री खाली ठेवली.

"फ्रेम केवढी देऊ, चंपतराव?"

"पुरा फोटो मावन, येवढी द्या."