अभ्यासाची सावड

सोमाटणे फाट्यावर एस्टीची वाट बघत शालूबाई मिश्री लावत होत्या. शेजारी दोघं बोलत होते.

“भिमाजी, पोरगं शेतीच्या बँकेत लागलं का?”

“न्हाई, आबा. कटऑफ लय वर गेला.”

“म्हंजी?”

“जागा चार. चौथ्याला जेवढे गुण, तितं रेघ. आमचं पाचवं आलं.”

“वरचे चार कुटले?”

“आपल्याच आळीतले. भातलावणीला एकमेकांच्या रानात राबत्यात, तशी अभ्यासाची सावड केलती. आमच्या पोरानंच शिकवलं चौघांना.”

शालूबाईंचं बोट दातावरच थांबलं.

“आरं, म्हंजी रेघ त्यानंच वर नेली!” आबा म्हणाले.

“व्हय.”

“पुढल्या खेपेला एकटाच अभ्यासाला बस म्हणावं.”

“ते सोडत्यात व्हय? सावड फेडायची हाय त्यांना. बँक सुटली की चौघं शिकवायला दारात हजर. पोरगं गोठ्यात लपतंय!”