मठातला बाक

…नाही पण मला सांगा, दमलेल्या माणसाला बाक दिसला तर त्यानं बसायचं नाही तर काय करायचं? सातशे चाळीस पायऱ्या हो! मोजल्यात मी. बायको म्हणतेय, "अहो, मोजताय काय, चढा!" डोंगराच्या टोकावर नऊशे वर्षांचा मठ, आणि नऊशे वर्षांत एकालाही वाटलं नाही, की वाटेत कुठे एखादी खुर्ची टाकावी!

दारावर एक म्हातारे भिक्षू. अख्ख्या मठात बोलायची परवानगी त्यांना एकट्यांना, त्यामुळे सगळ्यांच्या वाटणीचं तेच बोलत होते. "आतल्या दारापलीकडे बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, हुं म्हणायचं नाही. बोलायचं नाही म्हणजे नाही!"

बायको भिंतीवरची चित्रं बघायला पुढे गेली. माझे गुडघे, तुम्हाला सांगतो, इतके करकरत होते, की वाटलं आता त्यांनाच बाहेर काढतात. तेवढ्यात दिसला बाक. सावलीतला, गुळगुळीत, रिकामा. बसलो. एवढाच माझा गुन्हा!

दोन मिनिटांत एक भिक्षू आला, कमरेत वाकला, हातात गरम सुपाचा वाडगा दिला. म्हटलं, वा, तिकिटात धरलेलं दिसतंय! प्यालो. मग त्यानं माझे बूट काढून नेले. काय तो पाहुणचार! मग हातात झाडू दिला. आता इथे शंका यायला हवी होती की नको? आली हो! पण विचारू कसा? बोलायचं नाही म्हणजे नाही! म्हटलं, हल्ली पर्यटकांना असे अनुभव देतात. झाडलं अंगण. मन लावून झाडलं, कोपरेसुद्धा! तिघे म्हातारे भिक्षू ओट्यावरून बघत होते आणि एकमेकांकडे बघून माना डोलवत होते… सून पसंत पडावी तशा!

मग आली खुर्ची. गळ्याभोवती पंचा. आणि मागे… वस्तरा! अहो, माझे केस मोजकेच, पण जागच्या जागी आहेत! दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. वस्तरेवाल्यानं हसत हसत माझं एकेक बोट सोडवायला घेतलं. ओरडू? नऊशे वर्षांत कुणी ओरडलं नाही, ती सुरुवात मी करू?

तेवढ्यात बायको चित्रांच्या दालनातून बाहेर आली. नवरा अनवाणी, मांडीवर झाडू, डोक्यावर वस्तरा! ती तश्शी धावली आणि दारावरच्या म्हाताऱ्यांना घेऊन आली. त्यांनी आम्हाला दाराबाहेर काढलं आणि शांतपणे सांगितलं, "तो बाक पर्यटकांचा नाही. संसार सोडून आलेला माणूस तिथे गप्प बसतो. आम्ही त्याला काही विचारत नाही, ठेवून घेतो."

"अहो, मी फक्त दमलो होतो! मला जायचंय!"

"पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात. तुमचं चालत नाही, घरच्यांनी सांगावं लागतं." त्यांनी जाडजूड वही उघडली आणि बायकोला विचारलं, "ताई, हा माणूस घरी लागतो का?"

सरळ प्रश्न. उत्तर एका शब्दाचं. आणि ती… थांबली! एकवीस वर्षांचा संसार, आणि ही बाई थांबली! माझ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे बघितलं.

"हे ह्यांनी झाडलं?"

"हो. कोपरेसुद्धा."

पुन्हा थांबली! मी 'अगं…' म्हणणार, तर म्हाताऱ्यांनी बोट वर केलं. "त्या विचार करतायत ना? मग बोलायचं नाही म्हणजे नाही!"

"लागतो," ती म्हणाली.

जीव भांड्यात पडला हो! "कशासाठी, तेवढं लिहा," म्हातारे म्हणाले. तिनं लिहिलं, मी परत मिळालेले बूट चढवले आणि सुटलो! उतरताना पायऱ्या कुणी मोजतंय? गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. आणि डोंगर काय देखणा होता म्हणून सांगू! चढताना दिसलाच नव्हता.

खाली पोहोचल्यावर विचारलं, "काय लिहिलंस गं?"

"घाईत सुचलं ते."

"तरी?"

"माळ्यावरचे डबे काढायला."

तीन शब्द! वहीत हिच्या आधी कुणा बाईनं आपल्या नवऱ्यासाठी पानभर लिहिलं होतं, मी बघितलं ना! पण म्हटलं जाऊ दे, लागतो हे महत्त्वाचं… लागत राहायला हवं, एवढंच. काल ती अंघोळीला गेल्यावर मी साखरेचा डबासुद्धा माळ्यावर ठेवून दिला.