घारग्यांतलं तूप

नाम घेऊन झालं, गळा मोकळा झाला. आता मंडळी, मांडी सैल करून बसा. झोप आली तर खुशाल भिंतीला टेका, फक्त घोरू नका – आमच्या तबलजींचा ताल चुकतो.

आज तुम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. आपण पाहुण्याला जेवायला बोलावतो. 'अहो घ्या, लाजू नका' म्हणतो, तो नको नको म्हणत असताना पानात वाढतो. हे कोणासाठी? त्याच्या पोटासाठी, का आपल्या नावासाठी? लगेच उत्तर देऊ नका, इथे दिलेलं उत्तर घरी जाईपर्यंत बदलतं. आधी एका बाईंची गोष्ट ऐका.

गुहागरच्या अलीकडे आंबेखोल नावाचं गाव. तिथे दुर्गाताई खांबेटे राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात त्या आणि मुलगा मुकुंद. हाताला चव अशी, की गावात मुंज असो, बारसं असो, गोडाचं काम दुर्गाताईंकडे. उकडीचा मोदक करायच्या – एकवीस कळ्या, आणि पारी इतकी पातळ की आतलं सारण बाहेरून दिसावं. आणि हे सगळं त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं बरं का.

मुकुंदाचं लग्न ठरत आलं. मुलगी साताऱ्याची, मैथिली उंब्रजकर. दोघं चिपळूणला एकाच कचेरीत, तिथेच जमलं. आता तिची माणसं घर बघायला येणार, रविवारी दुपारी जेवायला. माणसं म्हणजे दोनच – वडील भास्करराव आणि आत्या शरयूताई. मैथिली तीन वर्षांची असताना तिची आई गेली. पोरीला वाढवलं ते या आत्यानं. म्हणजे होकार देणार वडील, पण तो द्यायचा की नाही हे ठरवणार कोण? बायका हसल्या, म्हणजे कळलं.

दुर्गाताईंनी मोदकांचं पीठ काढून ठेवलं, नारळ सोलून ठेवले. आणि मैथिलीचा फोन आला.

"काकू, एक सांगायचं राहिलं. बाबांना नारळ चालत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. आणि आत्याला दुधाचं काहीच चालत नाही. दही, तूप, खवा, काही नाही. तिचा घसाच बंद होतो."

"बरं हो," असं दुर्गाताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि मुकुंदाकडे वळल्या. "नारळ नको, दूध नको, तूप नको. मग मी गोड काय करू? गुळाचा खडा ठेवू पानात?"

"ठेव," मुकुंद म्हणाला. "पण आई, हे नखरे समजू नकोस. आत्यांना एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं."

"आमच्या वेळी असलं कोणाला काही होत नव्हतं."

मंडळी, आमच्या वेळीही होत होतं. फक्त तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

पण बाई हट्टी. आठ दिवस नुसते प्रयोग चालले. तेलातला शिरा केला, तो मुकुंदानं खाल्ला आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. रताळ्याची खीर पाण्यात केली, ती मुकुंदानं खाल्ली आणि म्हणाला, "उद्या मी बाहेर जेवतो." शेवटी दुर्गाताईंना घारगे आठवले. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक घालायची, केळीच्या पानावर थापून तेलात तळायचे. नारळ नाही, दूध नाही. त्यांना जरा कमीपणा वाटला. मोदकांची बाई, आणि पाहुण्यांना भोपळा खिलवणार? पण करून बघितले तर खुसखुशीत झाले. त्यातली एकच गोष्ट बदलायची होती – किस परतायचा तो तुपावर नाही, तेलावर.

रविवार उजाडला. दुर्गाताई सकाळीच भोपळा किसायला बसल्या. बाहेरून मुकुंदाची हाक, "आई, रांगोळीचा डबा कुठे?" यांनी उत्तर दिलं. "आई, पाण्याचे तांबे किती ठेवू?" यांनी उत्तर दिलं. तोंड मुकुंदाशी बोलत होतं आणि हात आपलं काम करत होते.

दुपारी पाहुणे आले, पानं मांडली, जेवणं सुरू झाली. भास्करराव मोकळा माणूस. त्यांनी तीन घारगे संपवले आणि चौथ्याला हात घातला. शरयूताई उंच, शांत, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी आधी भात संपवला. दुर्गाताई वाढायचं तूप आणायला आत गेल्या.

तुपाचं छोटं भांडं त्यांनी सकाळीच भरून बाहेर ठेवलं होतं. त्या भात वाढण्याच्या गडबडीत ते विसरल्या, आणि ओट्यावरची मोठी बरणी उचलायला गेल्या. बघतात तर बरणीचं झाकण उघडं, आत डाव, आणि डावाला चिकटलेला भोपळ्याचा केशरी किस.

दुर्गाताईंना सगळं आठवलं. कढई तापली होती, मुकुंदानं तांबे विचारले होते, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हातानं तूप घातलं होतं. एक डाव.

आता बघा, माणसाचं मन कसं असतं. त्या क्षणी स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. मन म्हणालं, एवढ्या मोठ्या घाण्यात एक डाव, त्यानं काय होणार? मन म्हणालं, बाहेर जाऊन सांगितलंस तर सोयरीक मोडेल. मुकुंद काय म्हणेल? गाव काय म्हणेल – दुर्गाताईंना भोपळ्याचे घारगे जमले नाहीत! बघा, पाहुणीचा घसा या सगळ्यात कुठेच नव्हता. आणि हे लक्षात आलं तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली.

त्या तशाच बाहेर आल्या. शरयूताईंनी घारग्याचा तुकडा मोडला होता, हात तोंडाकडे निघाला होता.

"खाऊ नका," दुर्गाताई म्हणाल्या. "त्यात तूप आहे. माझ्याच हातून पडलंय."

मुकुंदानं मान खाली घातली. शरयूताईंनी तुकडा पानात ठेवला, उठल्या, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा. मग त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दुर्गाताई मागोमाग आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"रडू नका हो," शरयूताई म्हणाल्या. "मला दवाखान्यात जावं लागलं ना, ते माझ्या सख्ख्या जावेच्या घरी. तिनं मुद्दाम घातलं होतं, खरंच काही होतं का बघायला. तेव्हापासून मी सगळीकडे सांगते, मला गोड आवडत नाही. खोटं आहे ते. मला गोड फार आवडतं." मग म्हणाल्या, "नाही घातलं, असं सांगणारे खूप भेटले. घातलंय म्हणून सांगायला धावत आलेल्या तुम्ही पहिल्या."

दुर्गाताईंनी पदरानं डोळे पुसले. "अर्धा भोपळा उरलाय," त्या म्हणाल्या.

"मग किसणी द्या इकडे."

दुसरी कढई काढली. तेल नवं, झारा नवा, परात घासून घेतली. दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. एकीनं किसलं, एकीनं थापलं. बाहेर भास्कररावांनी विचारलं, तूप पडलेले घारगे वाया जाणार का? आणि उत्तराची वाट न बघता ताट पुढे ओढलं. पहिला गरम घारगा शरयूताईंनी उभ्यानंच खाल्ला. मग दुसरा. तिसरा घेताना म्हणाल्या, "लग्नाची तारीख काढा."

दुर्गाताईंच्या मोदकांची वाहवा गावानं जन्मभर केली. पण त्या सांगायच्या, कोणाला खाताना बघून मला इतकं बरं वाटलं ते त्याच दिवशी.

तर मंडळी, कोणासाठी? आठ दिवस त्या बाईंनी नावासाठी केलं, आणि नाव बाजूला ठेवलं तेव्हा पाहुणी जेवली. आता आपलं बघू. 'मला हे चालत नाही' असं कोणी म्हटलं की आपण काय म्हणतो? 'एकानं काय होतंय!' आपल्याला काही होत नाही हो. होतं त्याला. म्हणून आज इथूनच सुरुवात करू. थोड्या वेळानं पंगत बसेल. भाजीत दाण्याचं कूट आहे, शिऱ्यात तूप आणि काजू आहेत. वाढणाऱ्यांनी हे आधी सांगायचं, आणि कोणी नको म्हटलं तर कारण न विचारता पुढे सरकायचं. त्याच्या हातावर नुसती साखर ठेवा. देवाला ती पोचते.

चला, टाळ उचला, नाम घेऊ आणि पानांवर बसू.