सतरा नंबरची जर्सी

ऑगस्ट सरत आला होता. अमेरिकन फुटबॉल संघाच्या दुकानात डॉरिन टोपी घेऊन रांगेत उभी होती आणि पुढची बाई काउंटरवरून काही हलायला तयार नव्हती.

“सतरा नंबर. पाठीवर आमचं आडनाव छापा, ‘पेटिग्रू’,” ती म्हणाली.

“बाई, सतरा नंबर सध्या दोघा खेळाडूंना दिलाय,” विक्रेता म्हणाला.

“माझा मुलगा रिसीव्हर आहे. पास झेलतो.”

“नवा ना?”

“मे महिन्यात आलाय, कॉलेज संपवून. शनिवारी दोन पास झेलले की! बघितलं नाहीत?”

“बघितलं. तिसरा हातातून सुटला.”

“ऊन आलं डोळ्यांवर.”

“मॅच संध्याकाळी होती, बाई. दिवे लावले होते.”

“मग दिवे आले असतील.”

“असं करा, बुधवारी या. मंगळवारी संघात नव्वद खेळाडूंतले त्रेपन्नच ठेवतात, बाकीच्यांना घरी पाठवतात.”

“ठाऊक आहे मला.”

“नाव छापलं की आम्ही परत घेत नाही, म्हणून म्हटलं.”

“परत कोण देतंय? छापा तुम्ही.”

“बरं. त्याचं माप काय?”

“त्याचं कशाला? माझ्या मापाची द्या. मला कोण काढतंय पेटिग्रूंतून?”